भट्टीपुढच्या रांगेतली पाती

प्रमिला आष्टीकर एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की त्या गोष्टीची कीव यावी. टाउनशिपच्या बाजारातल्या भाजीवाल्याचा काटा खोटा आहे असा तिला एकदा संशय आला, तेव्हा ती कारखान्याच्या प्रयोगशाळेतली वजनं पर्समध्ये घालून गेली आणि भर गर्दीत त्याचा काटा तपासला. काटा बरोबर निघाला. मग तितक्याच भर गर्दीत तिने त्याची माफी मागितली आणि गरज नसताना दोन मोठे दुधी घेतले. भाजीवाला त्या दिवसापासून तिला 'साइंसवाली दीदी' म्हणायला लागला, आणि घरी दुधी संपता संपेना म्हणून नवऱ्याने कपाळाला हात लावला.

तिचं माहेर वर्ध्याचं. नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न होऊन भोपाळला आली आणि सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. नवरा नीळकंठ त्याच कारखान्यात भट्टीवरचा फोरमन. त्याचे वडील, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांसकट नागपूरहून इकडे आलेले, आणि निवृत्त होऊन शहरातल्याच कोटरा सुल्तानाबादला घर बांधून राहिलेले. त्यामुळे नीळकंठच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली की रागावला की तो कोणत्या भाषेत रागावलाय हे त्याचं त्यालाही कळत नसे. त्याचा सगळा जीव भट्टीत. भट्टीच्या पोटातला रंग पाहून तो तापमान सांगायचा आणि मग मीटर बघायचा. दोघांचा मेळ बसला नाही तर त्याला मीटरचा राग यायचा. बायकोचा हट्ट आणि नवऱ्याचा ताठा त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कसे मावत होते, देव जाणे.

कारखाना मोठमोठ्या यंत्रांचा, पण एका शेडमध्ये काही वर्षांपासून वेगळं काम सुरू झालं होतं. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या जेट विमानांत जी इंजिनं बसतात, त्यांची पाती तिथे तयार होत. वीतभर लांबीचं एकेक पातं, निकेलच्या मिश्रधातूचं. इंजिनाच्या आत ते लाल होईपर्यंत तापतं आणि डोळ्याला दिसू नये इतक्या वेगाने फिरतं. त्यात केसाएवढी चीर असली तरी ते तुटतं, आणि एक तुटलं की शेजारच्यांना सोबत घेऊनच जातं. म्हणून त्या शेडचे नियम सोवळ्याहून कडक होते. पात्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. खडू, रंग, पेन्सिल, कशानेही त्यावर खूण करायची नाही. शिशासारखा लवकर वितळणारा धातू निकेलवर कणभर जरी राहिला आणि पातं भट्टीत गेलं, तर तो धातूच्या सांध्यासांध्यांत शिरतो, आणि वरून चकचकीत दिसणारं पातं आतून ठिसूळ होतं. नीळकंठ हे नियम इतके पाळायचा की हातमोजा न घालता पात्याजवळ कोणी फिरकलं तर त्याचा आवाज गेटपर्यंत ऐकू यायचा.

एका फेब्रुवारीत, त्या पात्यांचं इंजिन असलेलं एक शिकाऊ विमान हवेत असताना इंजिन आतून फुटलं. विमानात एकटाच मुलगा होता, जेमतेम विशीतला. त्याने हवाई छत्री घेऊन उडी मारली, पण तो हरभऱ्याच्या शेतात वाईट पडला आणि त्याचा कणा मोडला. चौकशी समिती बसली. इंजिनाच्या तोंडात पक्ष्याची पिसं सापडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पक्ष्याला मेमो देता येत नाही, त्याची बदली करता येत नाही, आणि त्याची युनियन नसते. तुटलेलं पातं प्रमिलाच्या प्रयोगशाळेत आलं ते नुसती फाइल पुरी करायला.

प्रमिलाने तुटक्या कडेवरचा कण स्पेक्ट्रोग्राफमध्ये जाळला. त्या यंत्राच्या काचपट्टीवर प्रत्येक धातूची आपापली रेघ उमटते. निकेलच्या रेघा होत्या, क्रोमच्या होत्या, आणि जिथे काहीच असायला नको तिथे एक बारीक रेघ होती. ती शिशाची होती. प्रमिलाने दुसरा कण जाळला, तिसरा जाळला. रेघ हटली नाही, तशी प्रमिलाही हटली नाही. पट्टी घेऊन ती आपल्या साहेबांकडे, उदय दाणींकडे गेली.

दाणींनी पट्टी उजेडात धरून पाहिली. माणूस सरळ होता, पण वर्षानुवर्षं सरकारी खुर्चीत बसून सावध झालेला.

"शिसं आहे खरं," ते म्हणाले. "पण आलं कुठून?"

"ते शोधते."

"समितीला पक्षी पुरेसा आहे, प्रमिलाबाई."

"मला नाही पुरत, साहेब. हे पातं पक्ष्यामुळे तुटलेलं नाही. ते आधीच चिरलेलं होतं. आणि याच्याच लॉटमधली पाती घेऊन बाकीची विमानं रोज सकाळी उडतायत."

"मग कारण घेऊन या. एवढ्याशा रेघेवर कोणी विमानं जमिनीवर बसवणार नाही."

त्यात चूक काही नव्हतं, आणि म्हणूनच प्रमिलाला जास्त राग आला. भोपाळ शहर ते. गॅसच्या त्या रात्रीला अजून फार वर्षं झाली नव्हती. 'आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं' हे वाक्य तिने कितीतरी घरांत ऐकलं होतं, आणि ते सांगणारं कोणीतरी म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न तिला प्रत्येक वेळी पडला होता. आता तो प्रश्न पट्टीवरच्या रेघेच्या रूपाने तिच्या टेबलावर येऊन पडला होता. तिने हात झटकले असते तर तिला कोणी एका शब्दाने बोललं नसतं. तिला स्वतःला मात्र ते जमलं नसतं.

मग तिने शेड पिंजून काढलं. खडू जप्त केले, रंगाचे डबे तपासले, वायरिंगवाल्याचं डाग द्यायचं सामान पळवलं, पाती धुवायच्या टाकीतलं पाणी नेलं, हातमोजे नेले. कशातही पुरेसं शिसं सापडेना. शेडमधले लोक ती दिसली की खिसे उलटे करून दाखवायला लागले. नीळकंठला ते झोंबत होतं. आपली बायको आपल्याच शेडमध्ये झडती घेत फिरते, हे कुठल्या नवऱ्याला आवडेल? पण त्याने तिला अडवलं नाही, कारण आपल्या शेडमध्ये काही सापडणार नाही याची त्याला खात्री होती.

नीळकंठ दर शनिवारी मारुतीची पूजा करायचा. देव्हाऱ्यात तळहाताएवढा दगडी मारुती होता, आणि त्याच्यासाठी शेंदूर तेलात कालवून द्यायचं काम लग्न झाल्यापासून प्रमिलाचं. त्या शनिवारीही ती ओट्यापाशी उभी राहून वाटीत शेंदूर कालवत होती. कालवता कालवता तिचा हात थांबला.

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हे तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, परीक्षेत लिहून तिने त्याचे मार्क घेतले होते. पण घरात तो शेंदूर देवाचा होता. इतकी वर्षं तो दर आठवड्याला हाताळूनही त्याचं रसायन तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. ती वाटी तशीच हातात घेऊन देव्हाऱ्यापाशी गेली.

"अहो, खंडेनवमीला तुम्ही शेडमध्ये शेंदूर नेला होतात. मीच कालवून दिला होता. तो कशाकशाला लावलात?"

"भट्टीला. दरवाज्याला. हमेशासारखं." नीळकंठने वर न बघता वाटीसाठी हात पुढे केला.

"आणि पात्यांना?"

हात तसाच राहिला. समोर मारुती, बाजूला बायको. नीळकंठला खोटं बोलायला जागाच नव्हती.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. पूजा नीळकंठची आणि प्रसादाला अख्खं शेड, त्यात मराठी थोडे आणि बाकी सगळे. पूजा झाली की दसरा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, भट्टी पेटवायची नाही. नंतर सगळा माल पुन्हा धुऊन मगच आत घालायचा. दर वर्षीचा हा रिवाज. पण गेल्या खंडेनवमीला पूजा आटोपते न आटोपते तोच वर्क्स मॅनेजर भटनागर साहेबांचा निरोप आला, की माल आजच निघायला हवा, भट्टी पेटवा. पाती धुऊन ट्रेमध्ये लावलेली होती आणि पूजा त्यांच्यावरच झाली होती. नीळकंठने कुरकुर केली आणि ट्रे आत ढकलला.

"पुसली का नाहीत?" प्रमिलाने विचारलं.

"पूजेचं लावलेलं त्याच दिवशी कसं पुसणार? घरी पुसतेस का तू?"

"आणि हातमोजे?"

"देवाच्या कामाला हातमोजे?" तो आता चिडला होता. "तुला म्हणायचं तरी काय आहे? माझ्या पूजेनं विमान पडलं?"

"पूजेनं नाही. शिशानं. आणि ते मी कालवलं होतं."

नीळकंठ उठला, पूजा अर्धी टाकून बाहेर निघून गेला आणि त्या दिवशी घरी जेवला नाही. पुढचे काही दिवस दोघांमध्ये फक्त 'दूध आलं का' आणि 'किल्ली कुठे आहे' एवढंच बोलणं होतं.

प्रमिलाने भंगारातून नापास झालेली काही पाती मिळवली. काही कोरी ठेवली, काहींना हळदीचं कुंकू लावलं, काहींना शेंदूर. सगळी प्रयोगशाळेच्या छोट्या भट्टीत सारखीच तापवली आणि गार केली. घरी अबोला होता, म्हणून तिने फोनवरून फोरमन आष्टीकरांना रीतसर बोलावणं पाठवलं. ते आल्यावर त्यांना रीतसर खुर्ची दिली. नीळकंठ बसला नाही. तिने पाती टेबलावरच्या शिकंज्यात आवळून लावली आणि पकड त्याच्या हातात दिली.

"मी वाकवली तर म्हणाल बाईच्या हातात जोर नाही," ती म्हणाली. "तुम्हीच वाकवा."

कोरं पातं हट्टी माणसासारखं कुरकुरत वाकलं. कुंकवाचंही वाकलं. शेंदराचं पातं त्याने धरलं, जोर लावायला खांदा पुढे केला, आणि पातं पापडासारखं मोडलं. नीळकंठ हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. मोडलेल्या जागी धातू चमकत नव्हता, साखरेसारखा दाणेदार दिसत होता.

"अजून एक असेल तर दे," तो म्हणाला.

तेही मोडलं. मग तो खुर्चीत बसला. जन्मभर ज्या हातांवर त्याने मीटरपेक्षा जास्त भरवसा टाकला होता, त्याच हातांनी त्याला हे सांगितलं होतं. आता वाद कुणाशी घालणार? तो बोलला, ते अगदी हळू.

"सगळ्यांना नव्हता लावला. दरवाज्याकडच्या पहिल्या रांगेला फक्त. ट्रे बाहेर काढला की ती रांग आधी निघते, आणि पहिल्या पेटीत जाते. ती पेटी दोन इंजिनांना पुरली असेल. त्यातलं एक..."

एक इंजिन फुटलं होतं. दुसरं कुठेतरी आकाशात होतं.

ही गोष्ट शेडमध्ये फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी भटनागर साहेब स्वतः क्वार्टरवर आले, चहाला नको म्हणाले आणि नको म्हणता म्हणता प्यायले. "आष्टीकरजी, समितीने पक्षी लिहिलाय. लिहू द्या ना," ते हिंदीत म्हणाले. "नवमीला भट्टी कोणी पेटवली, कोणी पेटवायला लावली, हे सगळं निघेल. कशाला?" ते जातात न जातात तोच मराठी मंडळाचा सेक्रेटरी हेमंत आला. त्याचं दुःख वेगळं होतं.

"नीळूभाऊ, उद्या पेपरमध्ये छापून येईल की शेंदरानं विमान पाडलं. लोक हसतील आपल्याला. पुढच्या वर्षी शेडमध्ये उदबत्ती तरी लावू देतील का? देवाला कशाला ओढता यात?"

हेमंत गेल्यावर नीळकंठ अंगणातल्या बाजेवर डोकं धरून बसला. प्रमिला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो म्हणतो ते काही खोटं नाही," नीळकंठ म्हणाला. "आणि माझं काय होईल ते तुला ठाऊक आहे. भट्टीवरून काढतील मला."

"ठाऊक आहे."

"तरी म्हणतेस?"

"तरी म्हणते. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन, आणि शेंदूर माझा होता तेही सांगेन. पण रांग मी पाहिलेली नाही. माझ्या शब्दावर त्यांना सगळी इंजिनं उघडावी लागतील, आणि तेवढं ते करणार नाहीत. तुमच्या शब्दावर एकच उघडायचं आहे. तेवढं करतील." ती बाजेवर त्याच्या शेजारी बसली. "आपण इथे बसून विचार करतोय, आणि सकाळी कुणाचा तरी मुलगा त्यात बसेल."

नीळकंठ उठला आणि आत जाऊन उद्याच्या शर्टाला इस्त्री करायला लागला. हे काम तो कधी करत नसे. प्रमिलाने ते त्याचं त्याला करू दिलं.

सकाळी दोघं दाणींकडे गेले. दाणींनी मोडलेले तुकडे पाहिले, एकदा प्रमिलाकडे आणि एकदा नीळकंठकडे पाहिलं, आणि सावधपणा टेबलावर ठेवून फोन उचलला. समितीपुढे नीळकंठ उभाच राहिला. शेंदूर कुणी लावला? मी. हातमोजे? काढले होते. नियम माहीत होता? मीच शिकवतो सगळ्यांना. सुट्टीच्या दिवशी भट्टी कुणी पेटवली? मीच पेटवली. पेटवायला कुणी सांगितलं, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कोपऱ्यात बसलेले भटनागर साहेब रुमालाने चष्मा पुसत राहिले. प्रमिलाला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्हींत जास्त काय होतं, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्या इंजिनाचं विमान जमिनीवर बसवलं गेलं. नीळकंठची रवानगी भंगार यार्डात झाली आणि त्या शेडच्या, प्रयोगशाळेच्या आवारात पाऊल टाकायची त्याला मनाई झाली. इंजिन उघडून पाती लाकडी पेट्यांतून भोपाळला आली, तेव्हा नीळकंठ गंजलेल्या पत्र्यांचे ढीग लावून घेत होता.

तपासणीची पद्धत अशी की पातं चमकणाऱ्या तेलात बुडवायचं, पुसायचं, आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचं. चिरेत शिरलेलं तेल हिरवं दिसतं. प्रमिला आणि दाणी दिव्यापाशी बसले. पहिलं पातं काळं ठिक्कर. दुसरंही. एकामागून एक पातं दिव्याखाली येत होतं आणि स्वच्छ निघत होतं. पेटी निम्मी रिकामी झाली तेव्हा दाणींनी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, आणि प्रमिलाला कळलं की ते पक्ष्याचा विचार करतायत. तिच्याही मनात येऊन गेलं, की आपण चुकलो असू तर? काटा बरोबर निघाला असेल तर? माफी मागायला ती तयार होती, पण भट्टी नवऱ्याला परत कोण देणार होतं? तिने पुढचं पातं उचललं. मग त्याच्या पुढचं.

आणि मग एकावर हिरवा डाग उमटला. तो नुसता डाग नव्हता. नखाने ओरखडल्यासारख्या बारीक चिरांची एक दाट जाळी होती, गोल, आणि त्या गोलाच्या बाहेर पातं निर्दोष होतं. दाणी वाकून बघत राहिले.

"हे अजून किती उडालं असतं?" त्यांनी विचारलं.

"फार नाही, साहेब."

पेटी संपेपर्यंत असं आणखी एक निघालं.

शिफ्ट सुटत होती. प्रमिला बाहेर आली तेव्हा नीळकंठ कुंपणाच्या पलीकडे, आत पाऊल टाकायचं नाही म्हणून बरोबर हद्दीवर, सायकल धरून उभा होता. अंगभर गंजाची धूळ. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळेना, कारण तिला हसावं की रडावं हे ठरवता येत नव्हतं.

"सापडली," ती म्हणाली. "दोन."

नीळकंठने डोळे मिटले आणि उघडले. "चीर कुठे आहे? कडेला?"

"मध्ये. पाठीवर."

"केवढी?"

प्रमिलाने त्याचा उजवा हात हातात घेतला, करंगळीशेजारचं बोट सरळ केलं आणि त्याच्या टोकाच्या पेरावर आपला अंगठा ठेवला. "एवढीच," ती म्हणाली. "अशीच गोल."

टाउनशिपमध्ये नवरा-बायको रस्त्यात हात धरून उभे राहत नसत. सायकली दोन्ही बाजूंनी जात होत्या, लोक वळून बघत होते. प्रमिलाने हात सोडला नाही. नीळकंठ आपल्या बोटाकडे बघत होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्याचा दुसरा हात मोकळा नव्हता, त्यात सायकल होती.

"तो शेतात पडलेला मुलगा," तो म्हणाला, "कुठल्या इस्पितळात आहे तो?"

"कळेल विचारलं तर."

"विचार. त्याला भेटायला जायचं आहे मला. हे मी सांगेन त्याला. पक्ष्यामुळे झालं नाही म्हणून." मग त्याने विचारलं, "तू येशील?"

"येईन," प्रमिला म्हणाली.